हायपर-व्हीतून व्हर्च्युअलबॉक्समध्ये नेलेलं डेबियन १२ बूट होत नाही

अर्धविराम

नमस्कार मंडळी. विंडोज ११ प्रोवर हायपर-व्हीत (विंडोजच्या व्हर्च्युअल मशिनच्या सोयीत) चालणारं डेबियन १२ लिनक्सचं एक व्हीएम (व्हर्च्युअल मशिन) दुसऱ्या लॅपटॉपवर न्यायचं आहे. त्या लॅपटॉपवर विंडोज ११ होम आहे, होममध्ये हायपर-व्ही मॅनेजर मिळत नाही, म्हणून तिथे व्हर्च्युअलबॉक्स ७ टाकलं. हायपर-व्हीत तेच व्हीएम आजही नीट चालू होतं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये मात्र काळ्या पडद्यावर ही एक ओळ येते आणि सगळं थांबतं:

फेटल: नो बूटेबल मीडियम फाउंड! सिस्टिम हॉल्टेड.

केलं ते असं. हायपर-व्हीत व्हीएम बंद केलं. त्याच्या फोल्डरमधली डेबियन.व्हीएचडीएक्स ही फाइल लॅपटॉपवर कॉपी केली. 'व्हीबॉक्समॅनेज क्लोनमीडियम' वापरून तिची व्हीडीआय (व्हर्च्युअलबॉक्सची डिस्क-फाइल) केली; कमांड शंभर टक्क्यांपर्यंत गेली, एरर नाही. नवीन व्हीएम तयार करताना प्रकार 'डेबियन ६४-बिट', ४ जीबी रॅम, २ सीपीयू दिले आणि ही व्हीडीआय साटा कंट्रोलरच्या पोर्ट ० वर जोडली.

मूळ व्हीएमबद्दल: हायपर-व्हीत 'जनरेशन २'. डिस्क ६० जीबी, डायनॅमिक. त्यावर जीपीटी, ५१२ एमबीचं ईएफआय पार्टिशन, मग ईएक्सटी४ रूट, शेवटी स्वॅप. इन्स्टॉल एक्स्पर्ट मोडने केलं होतं. १०० जीबीची दुसरी डिस्क डेटासाठी आहे, ती अजून नेलेली नाही. मूळ फोल्डरमध्ये डेबियन_ आणि पुढे लांबलचक आकडे-अक्षरं अशा नावाची .एव्हीएचडीएक्स फाइल पण आहे, साधारण १.८ जीबीची. ती नेली नाही, कारण मुख्य डिस्क व्हीएचडीएक्सच आहे असं दिसलं.

बूट ऑर्डरमध्ये हार्ड डिस्क सर्वांत वर आणून पाहिली. साटाऐवजी आयडीई करूनही पाहिलं. ओळ तीच. रूपांतरात डिस्क खराब झाली असेल का? की ग्रब (बूटलोडर) पुन्हा बसवावं लागेल?

मूळांक

डिस्क बहुतेक शाबूत आहे, आणि ग्रबला इतक्यात हात लावू नका. बूट न होणं हा एक बिघाड नसतो. फर्मवेअर, बूटलोडर, कर्नल आणि त्याची इनिटआरडी, रूट फाइल सिस्टिम, मग सिस्टमडी (बाकीच्या सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्रॅम) अशी ती साखळी आहे. पडद्यावर शेवटचं वाक्य कोणाचं आहे हे ओळखलं की कोणती कडी तुटली ते कळतं. तुमचं वाक्य व्हर्च्युअलबॉक्सच्या बायॉसचं आहे. म्हणजे डेबियनचा एक बाइटसुद्धा अजून चाललेला नाही. अशा वेळी डेबियनमध्ये काही दुरुस्त करणं किंवा कंट्रोलर बदलत बसणं व्यर्थ.

कारण सरळ आहे. हायपर-व्हीचं जनरेशन २ म्हणजे यूईएफआय (नव्या पद्धतीचं फर्मवेअर, यालाच ईएफआयही म्हणतात), जनरेशन १ म्हणजे जुनं बायॉस. व्हर्च्युअलबॉक्स मात्र लिनक्सचं नवीन व्हीएम बनवताना ईएफआय बंद ठेवतं. बायॉस डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत बूट कोड शोधतं. तुमचं इन्स्टॉल यूईएफआयचं असल्यामुळे तिथे काही नाही. बूटलोडर ५१२ एमबीच्या फॅट पार्टिशनमध्ये फाइल म्हणून बसलेला आहे. बायॉसला ते पार्टिशन वाचता येत नाही, म्हणून 'बूटेबल काहीच सापडलं नाही'. त्याच्या दृष्टीने ते खरंच बोलतंय.

करायचं असं: व्हीएम पूर्ण बंद करा. सेव्ह्ड स्टेटमध्ये असेल तर आधी ती टाकून द्या, नाहीतर सेटिंग राखाडी दिसेल. सेटिंग्ज, सिस्टिम, मदरबोर्ड या टॅबवर 'एनेबल ईएफआय' ला टिक करा (आवृत्तीनुसार तिथे यूईएफआय असं लिहिलेलं असेल). सिक्युअर बूट तिथेच खाली दिसतं, ते बंदच राहू द्या. डिस्क पुन्हा साटावर आणा.

आता चालू केल्यावर थेट डेबियन येईल अशी अपेक्षा ठेवू नका. बहुतेक पिवळ्या-पांढऱ्या अक्षरांत 'यूईएफआय इंटरॅक्टिव्ह शेल' येईल, खाली 'मॅपिंग टेबल', आणि मग 'शेल>' असा प्रॉम्प्ट. याचंही कारण माहीत असलेलं बरं. यूईएफआयला 'डेबियन कुठून सुरू करायचं' हे डिस्कवरून कळत नाही, ते मदरबोर्डच्या एनव्हीरॅममध्ये (बंद केल्यावरही टिकणाऱ्या मेमरीत) लिहिलेलं असतं. ती नोंद हायपर-व्हीच्या व्हीएमसोबत तिकडेच राहिली. डिस्कच्या फाइलसोबत ती येत नाही. नोंद नसेल तर फर्मवेअर एकाच ठरलेल्या जागी पाहतं: ईएफआय\बूट\बूटएक्स६४.ईएफआय. उबुंटू या जागी आपली एक प्रत आपणहून ठेवतं. डेबियन विचारल्याशिवाय ठेवत नाही, आणि त्या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर 'नाही' असं आहे. डेबियनच्या डिस्का एका मशिनवरून दुसरीकडे नेल्या की इथेच अडतात.

शेलमधून हाताने चालू करण्यासाठी पुढच्या कमांड द्या. इथे सगळ्या कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरांत.

एफएस०:
सीडी ईएफआय\डेबियन
शिमएक्स६४.ईएफआय

आयएसओ जोडलेली असेल तर एफएस० म्हणजे कधीकधी ती निघते. 'एलएस' देऊन पाहा, ईएफआय फोल्डरमध्ये डेबियन दिसलं नाही तर एफएस१: करून बघा. मॅपिंग टेबलमध्ये नुसते बीएलके०, बीएलके१ दिसले आणि एफएस एकही नसेल, तर मात्र तुमची शंका खरी: फॅट पार्टिशन वाचता येत नाहीये, म्हणजे रूपांतर फसलंय किंवा चुकीची डिस्क जोडलीय.

ग्रबचा मेन्यू आला की इथे कळवा, कायमचा उपाय त्यानंतर. एका वेळी एकच सेटिंग बदला आणि शेवटची ओळ लिहून ठेवा.

तांबडीमाती

मूळांक यांनी सांगितलेलं बरोबर आहे, ते करून पाहा. पण त्या पायावर पुढे काही उभारू नका, कारण तुमची डिस्क अर्धीच आली आहे.

ती १.८ जीबीची .एव्हीएचडीएक्स म्हणजे चेकपॉइंट. हायपर-व्हीत चेकपॉइंट घेतला की मूळ .व्हीएचडीएक्स त्या क्षणाला गोठते आणि त्यानंतरचं सगळं लिखाण .एव्हीएचडीएक्समध्ये जातं. तुम्ही चेकपॉइंट घेतल्याचं आठवत नसेल तरी ती फाइल असू शकते. विंडोज १० आणि ११ वर 'ऑटोमॅटिक चेकपॉइंट्स' हा पर्याय नवीन व्हीएमला आपोआप चालू असतो. नुसती व्हीएचडीएक्स नेली म्हणजे चेकपॉइंटच्या दिवशीची डिस्क नेली. त्यानंतरचे अपडेट, कॉन्फिगरेशन, फाइली, काही तिच्यात नाही. शिवाय चालू व्हीएमचा चेकपॉइंट असेल तर फाइल सिस्टिम अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत मिळू शकते.

विलीन करायला फोल्डरमध्ये हाताने काही करू नका. .एव्हीएचडीएक्सचं नाव बदलणं, ती हलवणं हे अजिबात नको. हायपर-व्ही मॅनेजरमध्ये व्हीएम निवडा, मधल्या चौकटीत चेकपॉइंट दिसतील, त्यांतल्या सगळ्यांत वरच्यावर उजवं क्लिक करून 'डिलीट चेकपॉइंट सबट्री'. नाव भीतीदायक आहे, पण यात आजची स्थिती जात नाही. चेकपॉइंट पुसणं म्हणजे त्यानंतरचे बदल मूळ फाइलमध्ये ओतणं. 'अप्लाय' मात्र चुकूनही दाबू नका, तो मागे नेतो. व्हीएम बंद असताना 'मर्ज इन प्रोग्रेस' दिसेल, ते संपून .एव्हीएचडीएक्स फोल्डरमधून नाहीशी झाली की मगच पुढे. हो, मर्ज करण्याआधी अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून ठेवा. आणि व्हीएमच्या सेटिंगमध्ये ऑटोमॅटिक चेकपॉइंट्सची टिक काढा, नाहीतर पुढच्या वेळी व्हीएम चालू करताच नवीन फाइल तयार.

नव्याने रूपांतर करताना व्हीडीआयला वेगळं नाव द्या. जुनी व्हर्च्युअल मीडिया मॅनेजरमधून काढून टाका. तेच नाव वापरलं तर 'फाइल आधीच आहे' म्हणून कमांड नाकारते, आणि जुनी नुसती एक्स्प्लोररमधून पुसली तर मीडिया मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह राहतं. व्हीएचडीएक्स थेट जोडून रूपांतर टाळायचा विचार असेल तर तो सोडा. व्हर्च्युअलबॉक्स व्हीएचडीएक्स फक्त वाचू शकतं, तिच्यात लिहू शकत नाही.

अर्धविराम

दोघांचेही आभार. ईएफआय चालू केल्यावर शेल आला, एफएस०: मध्ये डेबियन फोल्डर होतं, शिम चालवल्यावर ग्रबचा मेन्यू आला. पण 'डेबियन जीएनयू/लिनक्स' निवडल्यावर साधारण अर्ध्या मिनिटाने हे:

गेव्ह अप वेटिंग फॉर रूट फाइल सिस्टिम डिव्हाइस.
अलर्ट! यूयूआयडी=... डज नॉट एक्झिस्ट. ड्रॉपिंग टू अ शेल!
(इनिटरॅमएफएस)

एफस्टॅबमधला (कोणती डिस्क कुठे माउंट करायची ते सांगणाऱ्या फाइलमधला) यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा ओळख-क्रमांक, आणि हा यूयूआयडी एकच आहे, हायपर-व्हीत पडताळला. इनिटरॅमएफएसच्या प्रॉम्प्टवर 'बीएलकेआयडी' (दिसणाऱ्या पार्टिशनांचे यूयूआयडी छापणारी कमांड) दिलं तर काहीच छापत नाही. हे सगळं जुन्याच डिस्कवर पाहिलं. मर्ज आता लावलं आहे.

मूळांक

बीएलकेआयडी रिकामं येणं हाच पुरावा. यूयूआयडी चुकला असता तर निदान दुसरे यूयूआयडी दिसले असते. इथे कर्नलला डिस्कच दिसत नाही. 'कॅट /प्रॉक/पार्टिशन्स' देऊन पाहा, तिथेही एसडीए नसेल.

आत्तापर्यंत डिस्क वाचत होतं ते फर्मवेअर. ग्रबसुद्धा फर्मवेअरच्याच मदतीने वाचतं. कर्नल चालू झाला की ती मदत संपते आणि त्याला स्वतःचा ड्रायव्हर लागतो. तो ड्रायव्हर रूट डिस्कवर आहे, आणि रूट डिस्क वाचायला ड्रायव्हर हवा. हा पेच सोडवण्यासाठीच इनिटआरडी असते: ग्रब तिला कर्नलसोबत मेमरीत आणून ठेवतो आणि सुरुवातीचे ड्रायव्हर तिच्यातून मिळतात. हायपर-व्हीत डिस्कचा ड्रायव्हर एचव्ही_स्टोअरव्हीएससी असतो. व्हर्च्युअलबॉक्सच्या साटाला एएचसीआय लागतो. तुमच्या इनिटआरडीत पहिला आहे, दुसरा नाही. प्रॉम्प्टवर 'मॉडप्रोब एएचसीआय' दिलंत तर 'नॉट फाउंड' येईल, तो निकाल पक्का समजा.

आता डेबियन साधारणपणे इनिटआरडीत बहुतेक सगळे डिस्क-ड्रायव्हर भरतं; त्या सेटिंगचं नाव मॉड्यूल्स=मोस्ट. पण एक्स्पर्ट मोडच्या इन्स्टॉलमध्ये विचारतात की जेनेरिक इनिटआरडी हवी की टार्गेटेड. टार्गेटेड निवडलं की मॉड्यूल्स=डेप होतं आणि त्या क्षणी त्या मशिनवर जे हार्डवेअर दिसतंय तेवढ्याचेच ड्रायव्हर भरले जातात. इनिटआरडी लहान होते, डिस्क मात्र त्या मशिनला बांधली जाते. व्हीएमसाठी हा पर्याय मला कधीच पटलेला नाही. वाचतात ते काही दहा-वीस एमबी, आणि डिस्क हलवता येणं ही व्हीएमची मुख्य सोय, तीच जाते.

मूळ व्हीएम तुमच्याकडे अजून चालतंय आणि मर्जनंतर रूपांतर नाहीतरी पुन्हा करायचंच आहे. तेव्हा दुरुस्ती तिकडे, हायपर-व्हीतच करा. हा सगळ्यांत सोपा रस्ता. मर्ज झालं की व्हीएम चालू करून:

१. /ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/इनिटरॅमएफएस.कॉन्फ मध्ये मॉड्यूल्स=मोस्ट करा.
२. सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल
३. सुडो डीपीकेजी-रिकॉन्फिगर ग्रब-ईएफआय-एएमडी६४

दुसऱ्या कमांडमधलं '-के ऑल' गाळू नका. नुसत्या '-यू' ने सर्वांत नव्या कर्नलचीच इनिटआरडी बनते, आणि ग्रबमधून जुना कर्नल निवडायची वेळ आली की तिथे पुन्हा हेच रडगाणं. तिसऱ्या कमांडमध्ये एकेक प्रश्न येतो. कर्नलच्या कमांडलाइनचे प्रश्न आहेत तसेच एंटर दाबून सोडा. 'फोर्स एक्स्ट्रा इन्स्टॉलेशन टू द ईएफआय रिमूव्हेबल मीडिया पाथ?' याला 'येस'. त्याने ईएफआय\बूट मध्ये प्रत बसते आणि नव्या मशिनवर शेलमध्ये हाताने काही करावं लागत नाही. पुढे ग्रबचं पॅकेज अपडेट झालं की ही प्रतही सोबत अपडेट होते. म्हणूनच फाइल हाताने कॉपी करण्यापेक्षा हे बरं. हाताने ठेवलेली प्रत जुनी होत जाते आणि एके दिवशी ग्रबच्या मॉड्यूलांशी तिचं जुळत नाही.

मूळ मशिन हाताशी नसलेल्यांसाठी दुसरा रस्ता. डेबियन १२ ची नेटइन्स्ट आयएसओ जोडून ईएफआय मोडमध्येच बूट करा, मेन्यूच्या मथळ्यात 'यूईएफआय' हा शब्द दिसला पाहिजे. 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये 'रेस्क्यू मोड'. रूट पार्टिशन विचारल्यावर ईएक्सटी४ वालं द्या, इथे बहुधा /डेव्ह/एसडीए२. ईएफआय पार्टिशन वेगळं माउंट करायचं का विचारेल, हो म्हणा. पुढच्या मेन्यूत 'फोर्स ग्रब इन्स्टॉलेशन टू द ईएफआय रिमूव्हेबल मीडिया पाथ' असा तयार पर्यायच असतो. इनिटआरडीसाठी त्याच मेन्यूतून रूट पार्टिशनमध्ये शेल उघडा आणि वरच्या १ व २ करा. '/सिस' रिकामं असेल तर आधी ते माउंट करा, मॉड्यूल्स=डेप असताना हार्डवेअरची माहिती तिथूनच वाचली जाते.

अर्धविराम

मर्ज झालं, .एव्हीएचडीएक्स गेली. हायपर-व्हीत तिन्ही पायऱ्या केल्या, कुठेही एरर नाही. नव्या नावाने व्हीडीआय केली. आता यूईएफआय शेल येत नाही, थेट ग्रब. पण पुढे पुन्हा (इनिटरॅमएफएस) आणि बीएलकेआयडी रिकामंच. इनिटरॅमएफएस.कॉन्फ पुन्हा उघडून पाहिली, मॉड्यूल्स=मोस्ट असंच आहे. हायपर-व्हीत हेही करून पाहिलं:

एलएसइनिटरॅमएफएस /बूट/इनिटआरडी.आयएमजी-... | ग्रेप एएचसीआय

उत्तर रिकामं.

तांबडीमाती

/ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/कॉन्फ.डी/ड्रायव्हर-पॉलिसी ही फाइल उघडा. आत मॉड्यूल्स=डेप असणार.

एक्स्पर्ट मोडमधलं उत्तर इन्स्टॉलर मुख्य कॉन्फमध्ये लिहीत नाही, या वेगळ्या फाइलमध्ये लिहितो. कॉन्फ.डी मधल्या फाइली नंतर वाचल्या जातात, त्यामुळे त्यांचं चालतं आणि मुख्य फाइलमधलं तुमचं 'मोस्ट' बाजूला पडतं. फाइलीच्या डोक्यावर तशी टीपही आहे, पण ती फाइल उघडणार कोण? 'डेप' चं 'मोस्ट' करा किंवा ही फाइल पुसा, दोन्ही चालतं. मग अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल पुन्हा.

आणि रूपांतराला लागण्याआधी एलएसइनिटरॅमएफएसची तीच ओळ पुन्हा चालवा. एएचसीआय.केओ आणि लिबएएचसीआय.केओ दोन्ही दिसले पाहिजेत. इनिटआरडीचा आकारही 'एलएस -एल' ने पाहा, आधीपेक्षा ठळक वाढलेला दिसेल. ६० जीबीच्या डिस्कचं रूपांतर वाट पाहायला लावतं. दहा सेकंदांची ही खात्री आधी केलेली बरी.

अर्धविराम

तिथेच होतं. 'मोस्ट' केल्यावर दोन्ही मॉड्यूल दिसली, इनिटआरडी मोठी झाली, नवीन व्हीडीआयवर रूट माउंट झालं. सिस्टमडीच्या हिरव्या 'ओके' च्या ओळी सुरू झाल्या. आता इथे अडकलं:

अ स्टार्ट जॉब इज रनिंग फॉर /डेव्ह/एसडीबी१ (१ मिनिट ३० सेकंद)

वेळ संपल्यावर 'यू आर इन इमर्जन्सी मोड', आणि खाली 'कॅनॉट ओपन ॲक्सेस टू कन्सोल, द रूट अकाउंट इज लॉक्ड'. एंटर दाबलं की पुन्हा तेच. एफस्टॅबमध्ये डेटा डिस्कची ओळ /डेव्ह/एसडीबी१ या नावाने आहे आणि ती डिस्क अजून जोडलेली नाही, एवढं कळलं. पण आत शिरायचं कसं?

पाणवठा

इमर्जन्सी मोड रूटचा पासवर्ड मागतो. इन्स्टॉल करताना रूटचा पासवर्ड रिकामा ठेवला की डेबियन ते खातं कुलूपबंद करून पहिल्या युजरला सुडो देतं. रोज वापरायला ते चांगलंच, पण या एका प्रसंगी दाराची किल्ली दाराच्या आत राहते. ग्रबमधून वळसा घ्या:

ग्रबच्या मेन्यूत पहिल्या नोंदीवर असताना 'ई' दाबा. 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा, तिच्या अगदी शेवटी एक जागा सोडून इनिट=/बिन/बॅश जोडा. कंट्रोल-एक्स. हा बदल फक्त त्या एका बूटपुरता असतो. प्रॉम्प्ट आला की

माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /
नॅनो /ईटीसी/एफस्टॅब

रीमाउंट विसरलात तर फाइल उघडेल पण सेव्ह होणार नाही. एसडीबी१ च्या ओळीपुढे तूर्त # टाका. मग 'सिंक' आणि 'रीबूट -एफ'. या शेलमध्ये सिस्टमडी नसल्यामुळे नुसतं 'रीबूट' चालत नाही, -एफ हवंच.

दुसरी डिस्क आणल्यावर ती ओळ जशीच्या तशी परत आणू नका. एसडीए, एसडीबी ही नावं डिस्क सापडण्याच्या क्रमाने पडतात, त्यांच्यावर विसंबण्यात अर्थ नाही. सुडो बीएलकेआयडीने तिचा यूयूआयडी घ्या आणि ओळ अशी करा:

यूयूआयडी=... /एसआरव्ही ईएक्सटी४ डिफॉल्ट्स,नोफेल,एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट=५एस ० २

माउंटची जागा तुमची असेल ती घाला. नोफेलमुळे डिस्क नसली तरी बूट पुढे जातं. टाइमआउट दिला नाही तर सिस्टमडी गैरहजर डिस्कची ठरलेली ९० सेकंद वाट पाहतं. एक सावधगिरी: त्या डिस्कवर डेटाबेस असेल तर नोफेलने उलट घोटाळा होऊ शकतो, कारण डिस्क नसताना सर्व्हिस सुरू होऊन रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे रूट डिस्कवरच, लिहायला लागते. तशा सर्व्हिसच्या युनिटमध्ये 'रिक्वायर्समाउंट्सफॉर' ची ओळ त्या फोल्डरच्या नावाने घाला.

लॉगिन झाल्यावर नेटवर्क नसेल, ते आधीच सांगून ठेवतो. हायपर-व्हीत कार्डचं नाव ईटीएच० असतं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये पहिल्या कार्डाचं नाव ईएनपी०एस३ पडतं, कारण ते पीसीआयच्या तिसऱ्या स्लॉटवर असतं. 'आयपी -बीआर लिंक' ने खरं नाव पाहा आणि /ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस मध्ये ईटीएच० जिथे जिथे आहे तिथे ते घाला, 'ऑटो' किंवा 'अलाऊ-हॉटप्लग' च्या ओळीतही. हायपर-व्हीच्या स्विचसाठी कायमचा आयपी दिलेला असेल तर तो काढून डीएचसीपी करा. व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅटमध्ये पहिल्या कार्डाला १०.०.२.१५ हा पत्ता मिळतो, आणि तो बाहेरून थेट पोचता येणारा नसतो. एसएसएचसाठी नेटवर्क सेटिंगमधल्या पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये होस्ट पोर्ट २२२२, गेस्ट पोर्ट २२ अशी नोंद करा आणि विंडोजवरून लोकलहोस्टच्या २२२२ ला जोडा.

नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरची मात्र चिंता नको. तो रूट माउंट झाल्यावर डिस्कवरून घेतला जातो, त्यामुळे इनिटआरडीच्या भानगडीशी त्याचा संबंध नाही.

अर्धविराम

लॉगिन झालं. एफस्टॅब दुरुस्त, ईएनपी०एस३ वर नेटवर्क आलं, २२२२ वरून एसएसएच जोडलं जातंय. दुसरी डिस्कही त्याच रीतीने रूपांतर करून, चेकपॉइंट नाही हे आधी पाहून, पोर्ट १ वर जोडली.

एक शेवटचा प्रश्न. हायपर-व्हीच्या मानाने व्हीएम फारच मंद आहे, लॉगिनपर्यंत पोचायला बराच वेळ घेतं. व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खाली उजवीकडे हिरवं कासव दिसतंय. लॅपटॉपवर तर हायपर-व्ही नाहीच, मग हे काय?

मूळांक

कासवाचा अर्थ असा की प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय विंडोजच्या हायपरवायझरने आधीच घेतलेली आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्यामार्फत काम करावं लागतंय. होममध्ये हायपर-व्ही मॅनेजर नाही हे खरं, पण तळातला हायपरवायझर असतो. तो चालू होतो मुख्यतः दोन कारणांनी: 'मेमरी इंटिग्रिटी' आणि डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय) साठी लागणारं 'व्हर्च्युअल मशिन प्लॅटफॉर्म'. 'एमएसइन्फो३२' उघडून सर्वांत खालच्या ओळी पाहा. 'अ हायपरवायझर हॅज बीन डिटेक्टेड' असेल तर शंका मिटली.

बंद करायचं असल्यास विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशनमध्ये मेमरी इंटिग्रिटी बंद; 'विंडोज फीचर्स' मधून व्हर्च्युअल मशिन प्लॅटफॉर्म आणि विंडोज हायपरवायझर प्लॅटफॉर्मची टिक काढा; रीस्टार्ट. तरीही कासव हटलं नाही तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये

बीसीडीएडिट /सेट हायपरवायझरलाँचटाइप ऑफ

आणि पुन्हा रीस्टार्ट. परत आणायचं तर 'ऑफ' च्या जागी 'ऑटो'. हे केल्यावर डब्ल्यूएसएल २ चालणार नाही. मेमरी इंटिग्रिटी ही विंडोजच्या कर्नलची खरी राखण आहे, ती बंद करणं फुकटात पडत नाही. त्याच लॅपटॉपवर बँकेचे आणि ऑफिसचे व्यवहार होत असतील तर मी ती चालूच ठेवेन. त्याआधी व्हीएमला अजूनही २ च सीपीयू आहेत का ते पाहा, होस्टला निम्म्याहून अधिक कोअर मोकळे ठेवा, आणि व्हीडीआय एसएसडीवर आहे याची खात्री करा.

अर्धविराम

२ सीपीयूच आहेत, पण व्हीडीआय बाहेरच्या यूएसबी हार्ड डिस्कवर होती. मीडिया मॅनेजरमधून 'मूव्ह' करून आतल्या एसएसडीवर आणली. कासव आहे तिथेच आहे, पण लॉगिन आता पटकन येतं आणि कामापुरता वेग पुरेसा आहे. मेमरी इंटिग्रिटी चालू ठेवतोय. हायपर-व्हीकडचं मूळ व्हीएम आठवडाभर तसंच ठेवून मग काढेन.

तांबडीमाती

काढण्याआधी इकडच्या डेबियनमध्ये एकदा कर्नल अपडेट होऊ द्या आणि रीबूट करून पाहा. नवी इनिटआरडी इथे बनून ती बूट झाली, की मगच तिकडचं पुसा.